पडद्याची झोप आणि जागेपणाचा इतिहास

संगणकाच्या पडद्याला मुळात झोप नव्हती. तो चालू असे किंवा बंद असे. या दोहोंमधली तिसरी अवस्था माणसाने त्याला शिकवली, आणि ही गोष्ट फार जुनी नाही. लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा मॉनिटर लॅपटॉप जागा झाल्यावरही काळाच राहिला, की आपण त्याला बिघाड म्हणतो आणि कोणता भाग जळाला असेल याचा शोध घेऊ लागतो. अशा प्रसंगी बहुतेक वेळा कोणताच भाग जळालेला नसतो. दोन यंत्रांमधला संवाद मध्येच तुटलेला असतो. या संवादाला सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो टप्प्याटप्प्याने घडला, आणि प्रत्येक टप्प्याने चुकण्याची एक नवी जागा निर्माण केली, असे आमचे प्रतिपादन आहे. हा क्रम ध्यानात आला की दुरुस्तीचाही क्रम हाती येतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्याच टेबलावर आहे. एका पडद्यावर जुन्या पोथीची किंवा मासिकाच्या पानांची छायाचित्रे आणि दुसऱ्यावर टंकलेखन, ही आज संपादन करणाऱ्या कोणाही शिक्षकाची नित्याची मांडणी आहे. पुण्या-मुंबईत दुसरा पडदा बंद पडला तर तिसरा मिळतो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या, जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीसारख्या गावात तो दुरुस्तीसाठी नारायणगावला किंवा आळेफाट्याला न्यावा लागतो, परत आणावा लागतो, आणि 'मॉनिटर गेला' हा निर्णय एकदा झाला की चांगली वस्तू भंगारात जाते. निर्णय चुकीचा असेल तर नुकसान पैशांचे आहेच. पण अर्ध्यावर राहिलेल्या कामाचे नुकसान त्याहून मोठे आहे.

आता इतिहासाकडे येऊ. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला एक आजार होता. एकच चित्र तासन् तास पडद्यावर राहिले की आतला प्रकाशणारा लेप त्या आकारात झिजे आणि अक्षरांची छाया कायमची उमटे. यावर जॉन सोचा या प्रोग्रॅमरने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो डिसेंबर १९८३मध्ये 'सॉफ्टॉक' या अमेरिकन मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळफलकाला कुणी हात लावला नाही तर पडदा काळा करायचा, एवढेच त्याचे काम. ही झोप मात्र खोटी होती. नळी तापलेलीच असे, वीज जळतच असे. केवळ चित्र नाहीसे होई. पुढे या काळ्या पडद्यावर मासे पोहू लागले, तारे धावू लागले, आणि मूळ हेतू विसरला गेला.

खरी झोप आली ती विजेच्या हिशेबातून. १९९२मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'एनर्जी स्टार' हे चिन्ह सुरू केले आणि पहिल्यांदा ते संगणक व मॉनिटर यांनाच लागू केले. निष्क्रिय असताना मॉनिटरने ३० वॉटपेक्षा अधिक वीज घेऊ नये, अशी त्याची अट होती. १९९३मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या कार्यालयांसाठी असेच संगणक घेण्याचे ठरवल्यावर उत्पादकांपुढे पर्याय उरला नाही. परंतु मॉनिटरला कसे कळणार की समोर कुणी बसलेले नाही? ते कळते संगणकाला. म्हणजे संगणकाने मॉनिटरला सांगायला हवे, आणि सांगण्यासाठी दोघांमध्ये एखादी भाषा हवी.

ही भाषा पडदे व चित्रप्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांच्या 'व्हेसा' या संघटनेने १९९३मध्येच ठरवली. ती मोठी काटकसरीची होती. १९८७पासून रूढ झालेल्या व्हीजीए केबलमधून रंगांच्या जोडीने दोन ठोके सतत जात असत: एक प्रत्येक ओळीच्या आरंभाचा, दुसरा प्रत्येक नव्या चित्राच्या आरंभाचा. नवी तार टाकायची नाही, नवा शब्द घडवायचा नाही. या दोन ठोक्यांचे असणे-नसणे हीच वर्णमाला मानायची, असे ठरले. दोन्ही ठोके चालू असतील तर जागे राहा. ओळीचा ठोका थांबला तर डुलकी. चित्राचा ठोका थांबला तर झोप. दोन्ही थांबले तर जवळजवळ बंद. हे चार अर्थ केवळ मौनाच्या जागा बदलून सांगितले जात. जागे होण्यासाठीही वेगळा निरोप लागत नसे. ठोके परत आले की पडदा उजळे. मॉनिटर काही बोलत नसे, म्हणून त्याचा गैरसमज होण्यालाही फारसा वाव नव्हता. संवाद एकतर्फी होता आणि म्हणूनच भरवशाचा होता.

दुसऱ्या टप्प्यात मॉनिटर बोलू लागला. १९९४च्या सुमारास व्हेसानेच मॉनिटरला स्वतःची ओळख सांगण्याची सोय करून दिली. मॉनिटरच्या आत एक लहानशी स्मृती असते. तिच्या १२८ बाइटांत उत्पादकाचे नाव, पडद्याचा आकार, झेपणारी रिझोल्यूशने हा सारा परिचय कोरलेला असतो, आणि संगणक केबलमधल्या दोन तारांवरून तो वाचून घेतो. १९९९च्या डीव्हीआय जोडणीत आणखी एक तार आली. तिच्यावरून मॉनिटर 'मी इथे आहे, माझा परिचय वाचायला तयार आहे' एवढेच कळवतो. २००२च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयमध्ये हीच तार एकोणिसाव्या पिनवर आहे. परिणाम असा झाला की, पूर्वी संगणक समोर कुणी आहे की नाही याची पर्वा न करता ठोके देत असे. आता तो आधी विचारतो, उत्तराची वाट पाहतो, आणि उत्तर आले नाही तर चित्र पाठवतच नाही.

इथे आजच्या बिघाडाचे बीज आहे. गाढ झोपलेला मॉनिटर वीज वाचवण्यासाठी ही हजेरीची तारही सोडून देत असेल, तर लॅपटॉपच्या दृष्टीने तो मॉनिटर झोपलेला नसून काढून नेलेला असतो. लॅपटॉप आपल्या खिडक्या मुकाट्याने स्वतःच्या लहान पडद्यावर आवरून घेतो. इकडे मॉनिटर चित्र येण्याची वाट पाहतो आणि तिकडे लॅपटॉप हजेरीची. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर वागत असतात.

२००६मध्ये व्हेसाने आणलेल्या डिस्प्लेपोर्टने हा संवाद अधिक विस्तृत केला. त्यात चित्राच्या मार्गांखेरीज बोलण्याचा एक स्वतंत्र बाजूमार्ग आहे. जागे करताना लॅपटॉप या बाजूमार्गावरून मॉनिटरला हाक देतो, मग किती मार्गांवरून किती वेगाने माहिती पाठवायची याची दोघे चाचणी घेतात, आणि जमले नाही तर वेग कमी करून पुन्हा चाचणी घेतात. ही तालीम सेकंदाच्या अल्पांशात पार पडते. केबल सुमार असेल, लांब असेल किंवा मध्ये एखादा डॉक असेल तर ती फसते. २०१४नंतर यूएसबी-सी आले आणि एकाच छिद्रातून वीज, माहिती व चित्र जाऊ लागले. म्हणजे चित्राच्या बोलणीआधी विजेचीही बोलणी आली.

लॅपटॉपच्या बाजूची झोपही या काळात बदलत गेली. १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी संगणकाच्या अवस्थांची एक श्रेणी मांडली. शून्य म्हणजे पूर्ण जागेपण. तीन म्हणजे केवळ स्मृती जिवंत ठेवून बाकी सारे निजवणे. चार म्हणजे स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवून वीज तोडणे. पाच म्हणजे बंद. ही श्रेणी वाचताना मांडूक्य उपनिषदातील जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुर्य आठवावे हे साहजिक आहे, आणि त्यावरून 'आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोहही काहींना होईल. तो आवरलेला बरा. उपनिषदाचा प्रश्न जाणिवेचा आहे आणि अभियंत्यांचा विजेचा. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: झोप ही एकच अवस्था नाही, आणि कोणत्या झोपेतून कोण जागे होत आहे हे विचारल्याखेरीज पुढे जाता येत नाही. २०१२नंतरच्या अनेक लॅपटॉपांत तर तिसरी अवस्था उरलेलीच नाही. ते शून्यातच राहून मंद होतात, मधूनमधून टपाल पाहतात, पुन्हा मंद होतात. पडदा काळा झाला म्हणजे यंत्र झोपले, हे समीकरण तिथे लागू पडत नाही.

पिंपळवंडीच्या शिवारात या प्रश्नाची जुनी ओळख आहे. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उठून विहिरीवर जाणे नको, त्यातून जुन्नरच्या उसात बिबट्याची भीती, म्हणून पंपाच्या स्टार्टरला ऑटोस्विच बसवण्याची पद्धत पडली. वीज आली की तो ओळखतो, क्षणभर थांबतो आणि मोटार चालू करतो. महावितरण मात्र हे ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे आवाहन वारंवार करत आले आहे. कारण वीज येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकदम उठतात, दाब कोसळतो, आणि प्रसंगी रोहित्रच जळते. प्रत्येक पंप आपापल्या जागी बरोबर उठलेला असतो. एकमेकांशी ठरवून मात्र कुणी उठलेले नसते. जागे होणे ही एकट्याची क्रिया नसते हे शेतकऱ्याला ऑटोस्विचने शिकवले. आपल्याला ते मॉनिटर शिकवतो.

याच तालुक्यात खोडदला या तत्त्वाचे भव्य रूप उभे आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या खोडदच्या मध्यभागापासून तीन दिशांना पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीचा संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो. दूरच्या तबकडीचा संकेत उशिरा पोहोचतो, जवळच्या तबकडीचा लवकर. हा उशीर मोजून, भरून काढून, सगळे संकेत एका क्षणावर आणल्याखेरीज आकाशाचे चित्र उमटत नाही. तबकडी चांगली, तार चांगली, संगणक चांगला, तरीही वेळ जुळली नाही तर चित्र नाही. टेबलावरच्या दोन यंत्रांमधली तालीम हे याच कामाचे अगदी घरगुती रूप म्हणता येईल.

मग काळ्या पडद्यासमोर बसलेल्याने काय करावे? आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाकडे यासाठी लागणारी पद्धत आधीपासूनच आहे, आणि ती पाठचिकित्सेची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९मध्ये सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९६६मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्या कामाला जी शिस्त लावली तिचे सार असे सांगता येईल: एका पोथीत चूक दिसली म्हणून मूळ ग्रंथाला दोष देऊ नये, पोथ्यांची परंपरा मांडावी, त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात, आणि पाठ कोणत्या टप्प्यावर बिघडला ते शोधावे. मॉनिटर, केबल, अडॅप्टर, पोर्ट, चित्रप्रणालीचा ड्रायव्हर, झोपेची व्यवस्था ही संकेताची अशीच परंपरा आहे. एका वेळी एकच दुवा बदलावा, आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

पहिली तपासणी मॉनिटरची. त्याचा दिवा पूर्ण विझला असेल तर प्रश्न विजेचा आहे. दिवा पिवळसर असेल किंवा मिचकत असेल तर तो जिवंत आहे आणि वाट पाहतो आहे. त्याच्या स्वतःच्या बटणाने त्याची यादी पडद्यावर उमटली, तर काच आणि मागचा प्रकाश दोन्ही धड आहेत. एवढ्या एका तपासणीने 'मॉनिटर गेला' हा निर्णय पुष्कळदा खोटा ठरतो. त्यानंतर मॉनिटरची पिन भिंतीतून काढून मिनिटभर थांबावे. पुढचे बटण दाबल्याने वीज तुटत नाही. मॉनिटरच्या आतही एक छोटा संगणक असतो आणि तोही अडकून बसतो. ज्या भागात वीज वरचेवर जाते, दाब वरखाली होतो, तिथे हा उपाय विशेष लागू पडतो.

दुसरी तपासणी दोघांमधल्या मार्गाची. मॉनिटर आपोआप जोडणी शोधत असेल तर ते बंद करून वापरात असलेली जोडणी कायम निवडावी; नाहीतर तो एचडीएमआयच्या दारावर उभा असताना लॅपटॉप डिस्प्लेपोर्टच्या दारातून हाक मारतो. मॉनिटरच्या यादीत 'डीप स्लीप' असा पर्याय असेल तर तो बंद करावा. हजेरीची तार सोडून देणारी झोप बहुधा हीच. केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवावी, शक्य तर दुसरी लावून पाहावी. जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी मध्ये अडॅप्टर असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्यावा. तो लॅपटॉपच्या विजेवर चालतो, आणि लॅपटॉप झोपला की त्याची वीजही जाऊ शकते.

तिसरी तपासणी लॅपटॉपची. विंडोजवर चालणाऱ्या यंत्रात विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबल्या की कोणत्या पडद्यावर चित्र जावे हे पुन्हा ठरवता येते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की चित्रप्रणालीचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेला मजकूर जात नाही. पहिल्याने केवळ निवड बदलते, दुसऱ्याने बोलणीच नव्याने सुरू होते. दुसऱ्या उपायाने पडदा उजळला तर रोग ड्रायव्हरच्या आसपास आहे असे समजून ड्रायव्हर, लॅपटॉपचे मूळ बायोस आणि असल्यास डॉकचे फर्मवेअर उत्पादकाकडून अद्ययावत करून घ्यावे. एवढे करूनही दोष वरचेवर येत असेल, तर यंत्राला झोपू न देता केवळ पडदा बंद होईल अशी मांडणी करून पाहावी. ती मांडणी चालली आणि पूर्ण झोपेनंतरच अडचण येत असेल, तर दोष नेमका कोणत्या अवस्थेतून परतताना येतो ते कळले, असे समजावे.

या साऱ्यात एक वाक्य आडवे येते, आणि त्याचा विचार साहित्याच्या माणसाने करायला हवा. काळ्या पडद्यावर जाता जाता 'नो सिग्नल' अशी दोन शब्दांची इंग्रजी ओळ झळकते. ती वाचणारा म्हणतो, 'बिघडला.' पण या वाक्याचा वक्ता कोण? वक्ता मॉनिटर आहे. तो स्वतःबद्दल काहीच वाईट सांगत नाही. उलट हे वाक्य उच्चारता येते यावरूनच त्याची प्रकृती कळते. 'मला काही ऐकू आले नाही' एवढेच त्याचे म्हणणे. आपण मात्र साक्षीदारालाच आरोपी ठरवतो. मराठीत हे वाक्य 'संकेत आला नाही' असे लिहिले असते, तर किती मॉनिटर भंगारातून वाचले असते, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. यंत्रांच्या सूचना परभाषेत असल्याने होणारे नुकसान आपण बहुधा अस्मितेच्या हिशेबात मांडतो. ते असे साध्या घरखर्चाच्या हिशेबातही मांडता येते.

वाचण्याची रीत हरवली की शाबूत वस्तूही मुकी होते, याचा मोठा पुरावा जुन्नरजवळच आहे. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख शतकानुशतके दगडावर तसाच होता. घाटाने माणसे जात-येत होती, अक्षरे समोर होती, आणि तरी ती कुणाला वाचता येत नव्हती. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी नाणेघाटातले अंक अभ्यासले, तेव्हा तो लेख पुन्हा बोलू लागला. दगडात काहीच दुरुस्त करावे लागले नव्हते.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांचा पत्ता तिथे द्यावा ही अपेक्षा आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांमध्ये संवाद तुटतो तेव्हा लॅपटॉपवाला मॉनिटरकडे बोट दाखवतो, मॉनिटरवाला केबलकडे, आणि तुटलेल्या जागेचे उत्तरदायित्व कुणाकडेच राहत नाही. ते तूर्त वापरणाऱ्यालाच घ्यावे लागते. गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात अशा तपासणीची एक पानभर मराठी यादी भिंतीवर लावून ठेवली आणि प्रत्येक वेळी कोणता उपाय लागू पडला त्याची तारीखवार नोंद तिथेच केली, तर वर्षभरात त्या गावापुरता दुरुस्तीचा एक खरा ग्रंथ तयार होईल. तो लिहिण्याचे काम भाषेच्या शिक्षकाने अंगावर घ्यावे, असे आम्हाला वाटते. नोंद नेमक्या शब्दांत कशी करावी हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.